मळका पडदा लावण्याचा परवाना

दाराला पडदा कसा लावावा या विषयावर मी आता कुठल्याही विद्यापीठात चार व्याख्यानं देऊ शकतो. तीन व्याख्यानं खिळे, बांबू आणि सरकारी कचेरी यांत संपतील, आणि चौथं पूर्णपणे सासऱ्यांवर असेल. चौथ्याला विवाहित पुरुषांची गर्दी होईल, याबद्दल मला शंका नाही.

पडदा ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी टपालाने आला. पार्सलावर जपानमधल्या साकाता गावाचा शिक्का होता. चिझुरूने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, ते भटारखान्यातल्या ओट्यावर उघडलं. आत जुन्या वर्तमानपत्रांच्या सहा थरांखाली एक गडद निळं कापड होतं. त्यातून भाजलेल्या माशांचा, तंबाखूचा आणि सेहेचाळीस वर्षांच्या गिऱ्हाइकांच्या हातांचा असा एकत्रित वास आला. चिझुरूने ते कापड नाकाला लावलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी लागोपाठ तीनदा शिंकलो.

सोबत चिठ्ठी होती. "दुकान बंद केले. नोरेन पाठवला आहे. लाव. वीस तारखेला येतो. बघतो." म्हातारपणी माणसं लांबलचक पत्रं लिहितात, असं मी ऐकून होतो. आमचे सासरे ब्याऐंशी वर्षांचे आहेत, म्हणजे अजून त्यांना म्हातारपण आलेलं नसावं.

या चिठ्ठीतला शेवटचा शब्द तेवढा महत्त्वाचा. मी सासऱ्यांच्या हाताखाली बारा वर्षं मासे भाजले. पगार वाढवून मागितला तेव्हा ते "बघतो" म्हणाले आणि चार वर्षं बघत राहिले. त्यांच्या मुलीला मागणी घातली तेव्हाही "बघतो" म्हणाले, पण तिथे चिझुरूने त्यांना फार काळ बघू दिलं नाही. आणि एकोणीस वर्षांपूर्वी आम्ही जर्मनीत डुसेलडॉर्फला येऊन हे दुकान थाटलं, तेव्हा मी 'इसोया' हे त्यांच्या दुकानाचं नाव मागितलं. ते "बघतो" म्हणाले. ते बघणं अजून चालूच होतं.

नोरेन म्हणजे दुकानाच्या दारावर टांगायचा, मधे चिरलेला अर्धा पडदा. बाहेर लावला की दुकान उघडं, आत घेतला की बंद. दिसायला एवढंच. पण आमच्यात पडदा म्हणजे दुकानाचं नाव, पत, अब्रू, जे काय म्हणाल ते. गुरूने शिष्याला आपला पडदा दिला म्हणजे हा माझा माणूस, असं चारचौघांत सांगितलं. आणि लावलेला पडदा पसंत पडला नाही तर गुरू तो उतरवून, घडी करून, पिशवीत घालून घरी घेऊन जाऊ शकतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी माझ्या बाबतीत असं झालं असतं तर मी त्या गल्लीत राहू शकलो नसतो, आणि दुसऱ्या गल्लीत भाडं जास्त आहे.

शिवाय पडदा मळका असावा लागतो. जुनी पद्धत अशी, की गिऱ्हाईक खाऊन-पिऊन निघालं की जाता जाता पडद्याला बोटं पुसतं. ज्याचा पडदा सगळ्यात घाण, त्याचं दुकान सगळ्यात चालतं. सासऱ्यांच्या पडद्यावर मळ नव्हता, मळात थोडा पडदा होता. दुकान उघडताना आम्ही सगळे कामगार रोज त्याच्यापुढे मान झुकवायचो. सासरे म्हणायचे, "या डागांनी तुम्हाला जेवू घातलंय." आम्ही आणखी खाली वाकायचो.

आमचं इथलं दुकान म्हणजे नऊ खुर्च्या, दोन टेबलं आणि एक इझाकाया म्हणवून घेण्याची हौस. खायला थोडं, प्यायला पुष्कळ, गुत्त्यापेक्षा बरं आणि हॉटेलापेक्षा स्वस्त असं ठिकाण म्हणजे इझाकाया. मी शेगडीवर असतो, चिझुरू पातेली आणि माणसं सांभाळते. 'इसोया' मिळेना म्हणून मी पाटीवर 'तोकुनागा' हे आडनाव लावलं होतं. ते इथे कोणाला म्हणता येत नाही, म्हणून सगळी गल्ली आम्हाला 'टोकियो' म्हणते. मी आयुष्यात तीनदा टोकियोला गेलो आहे, त्यात एकदा विमान पकडायला.

तर दोन खिळे ठोकले, बांबू अडकवला, पडदा लावला. दहा मिनिटांचं काम दहा मिनिटांत झालं. त्या कामातलं वेळेवर झालेलं हे एवढंच.

पाच वाजता पडदा बाहेर गेला. सात वाजेपर्यंत कोणी आलं नाही. दर मंगळवारी येणाऱ्या दोन शिक्षिका समोरच्या फुटपाथपर्यंत आलेल्या मी खिडकीतून पाहिल्या. त्या थांबल्या, पडद्याकडे बघून हळू आवाजात काहीतरी बोलल्या. एकीने टोपी काढली. मग दोघी आल्या वाटेने निघून गेल्या.

साडेसातला तिसऱ्या मजल्यावरचे हेर, म्हणजे जर्मनमधले श्रीयुत, ओव्हरराथ आले. हे निवृत्त ट्राम तपासनीस. निवृत्तीनंतर ट्राम सुटली, तपासणी सुटली नाही. दार उघडंच होतं तरी त्यांनी चौकटीवर टकटक केलं.

"हेर तोकुनागा," ते दबल्या आवाजात म्हणाले, "कोण गेलं?"

"कोणी नाही. सगळे आहेत."

"मग हे काळं कापड?"

"काळं नाही, निळं आहे. दुकान उघडं आहे असा त्याचा अर्थ."

"दारावर पडदा ओढलाय, म्हणजे उघडं?"

"हो."

"आणि पडदा काढला की?"

"बंद."

त्यांनी बराच विचार केला. "तुमच्याकडे सिग्नल लाल झाला की ट्राम सुटतात का हो?"

मी उत्तर देणार इतक्यात फ्राऊ क्लेफिश जिन्यावरून उतरल्या. या आमच्या घरमालकीण, पहिल्या मजल्यावर राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, आणि त्यांच्या हातात वाटाण्याच्या सुपाचं पातेलं होतं. "दुःखात माणसाला स्वयंपाक सुचत नाही," असं म्हणून त्यांनी ते माझ्या हातात दिलं. मी तीस वर्षं लोकांना खाऊ घालून पोट भरणारा माणूस. माझ्याच दारात उभं राहून मला कोणीतरी सूप आणून द्यावं, याला काय म्हणायचं? गिऱ्हाईक नव्हतंच, म्हणून आम्ही दोघं ते प्यायलो. सूप चांगलं होतं. ते तर मनाला आणखी लागलं.

दुसऱ्या दिवशी मी पडद्याखाली 'उघडे आहे' अशी छोटी पाटी लावली. चिझुरूने ती काढली.

"अहो, नोरेनखाली 'उघडे आहे' असं कोणी लिहितं का? उद्या कपाळावर 'जिवंत आहे' असं लिहून हिंडाल."

"काल मला सूप आलं ते मेलेल्या माणसाच्या घरचा म्हणून आलं, चिझुरू."

"मग लोकांना शिकवायचं."

लोकांना शिकवण्यात आठवडा गेला. मी दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला पडदा हाताने सारून, मान लववून आत कसं यायचं ते करून दाखवत होतो. एक बाई मला पाच सेंट देऊन गेली.

याच आठवड्यात हेर ओव्हरराथ घडीची पट्टी घेऊन खाली आले आणि त्यांनी पडद्याची लांबी, रुंदी, जमिनीपासूनची उंची आणि फुटपाथवर आलेला भाग मोजून वहीत उतरवला. "रस्त्यावर काहीही टांगायचं तर परवाना लागतो," ते म्हणाले. "मी तक्रार करणार नाही. शेजारी आहोत आपण. पण कोणीतरी करील."

कोणीतरी केली. शुक्रवारी कचेरीचं पत्र आलं. तक्रारदाराने पडद्याची मापं मिलिमीटरपर्यंत दिली होती. मी पत्र ओव्हरराथांना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, उंचीच्या आकड्यावर बोट ठेवून "हे बरोबर आहे" म्हणाले आणि मान हलवली. "लोक हल्ली फार बारकाईने बघतात."

सोमवारी मी कचेरीत गेलो. कचेरीचं नाव सांगत नाही. ते एका श्वासात म्हणता येत नाही आणि मला दम्याचा त्रास आहे. टेबलापलीकडे फ्राऊ हॉयबाख नावाच्या बाई होत्या. चेहरा शांत, नखं स्वच्छ, पुढ्यात तीन रंगांचे अर्ज.

"आधी हे कापड कुठल्या वर्गात बसतं ते बघू," त्या म्हणाल्या. "सावलीसाठी आहे का?"

"नाही."

"मग छत नाही. झेंडा आहे?"

"नाही."

"त्यावर काही लिहिलंय?"

"इसोया."

"म्हणजे काय?"

"माझ्या सासऱ्यांचं दुकान."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुमच्या दुकानावर दुसऱ्याच्या दुकानाची जाहिरात. त्याला त्या मालकाचं संमतिपत्र लागेल."

"अहो बाई, त्यांची संमती मिळावी म्हणून तर पडदा लावायचाय!"

"आणि संमती मिळाल्याशिवाय तो लावता येत नाही," त्या इतक्या समाधानाने म्हणाल्या की क्षणभर मलाही ते सुंदर वाटलं. मग त्यांनी पुढचा रकाना घेतला. "कापडाची खालची कड फुटपाथपासून अडीच मीटर हवी."

"पण ते डोक्याला लागायला हवं."

"कोणाच्या?"

"येणाऱ्या प्रत्येकाच्या."

त्या लिहू लागल्या. "येणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्याला लागावे, हा उद्देश."

"तसं नाही. हाताने बाजूला सारायचं आणि मान थोडी खाली करून आत यायचं. मान दिल्यासारखं."

"आणि ज्याला मान खाली करायची नसेल?"

"त्यालाही करावी लागते."

"सक्ती," त्यांनी लिहिलं.

तासाभरात माझ्या नाकी नऊ आले. मी काय बोललो ते मला आठवत नाही, पण बहुधा सासऱ्यांबद्दल फार बोललो असेन, कारण फ्राऊ हॉयबाखांनी एकदम विचारलं, "ते स्वतः येणार आहेत? बघायला?" मी हो म्हणालो. "मलाही सासरे आहेत," त्या म्हणाल्या आणि तिन्ही अर्ज बाजूला सारून त्यांनी खणातून चौथा, पांढरा काढला. तात्पुरती सजावट, चौदा दिवस. अटी दोनच. पडदा भिंतीच्या आत, दाराच्या चौकटीत लावायचा, म्हणजे तो रस्त्यावर येत नाही आणि उंचीचा प्रश्न मिटतो. आणि तपासनीस येऊन बघून जाईल. मला त्यांच्यापुढे मान झुकवावीशी वाटली आणि मी झुकवलीही. त्यांनी त्याचीही नोंद केली असेल.

कचेरीचा तपासनीस मंगळवारीच आला. परवाना मागणाऱ्याकडे हे लोक कधी फिरकत नाहीत, तक्रार असली की पायाला चाकं लागतात. त्याने पडदा हातमोज्याने उचलला, वास घेतला, आणि लिहिलं: 'कापड अत्यंत अस्वच्छ. खाद्यगृहाच्या दारात अयोग्य. गुरुवारी पुन्हा तपासणी.'

"ती घाण नाही," मी म्हणालो, "ती अब्रू आहे."

"किती जुनी?"

"सेहेचाळीस वर्षं."

"मग तर गरम पाणी लागेल," तो म्हणाला आणि गेला.

हे सगळं फ्राऊ क्लेफिश जिना झाडता झाडता ऐकत होत्या. त्या जिना दिवसातून दोनदा झाडतात. खाली काही बोलणं चालू असेल तर चार वेळा.

त्या रात्री मी मळाच्या समर्थनार्थ तीन पानी अर्ज लिहिला. त्यात इतिहास होता, परंपरा होती, आणि स्वच्छता म्हणजे नक्की काय असा एक मूलभूत प्रश्नही होता. चिझुरूने वाचून विचारलं, "हा सरकारला आहे की बाबांना?" मी अर्ज घडी करून खिशात घातला. बुधवारी सकाळी आम्ही दोघं मासे आणायला गेलो, अर्जाच्या नादात पडदा आत घ्यायचा राहून गेला होता. अकराला परत आलो तर चौकटीत नुसता बांबू.

आधी वाटलं जप्ती झाली, मग वाटलं चोरी. चिझुरूने मला गप्प केलं आणि कान दिला. तळघरातून धुण्याच्या यंत्राची घरघर येत होती. ती वाढत गेली, सगळं घर थरथरलं, आणि मग थांबली. थोड्या वेळाने फ्राऊ क्लेफिश टोपली घेऊन वर आल्या. चेहऱ्यावर वाढदिवसाची भेट आणणाऱ्या माणसाचा आनंद.

"पंचाण्णव अंशांवर!" त्या म्हणाल्या. "दोनदा! पहिल्या पाण्याचा रंग बघून मी घाबरलेच हो. तुमच्याकडे किल्ली मागावी तर तुम्ही नव्हतात, मग म्हटलं, नुसता अडकवलेलाच तर आहे."

पडदा आकाशी झाला होता. तो वीतभर आखडला होता, त्याला लव्हेंडरचा वास येत होता, आणि 'इसोया'ची पांढरी अक्षरं आता पांढऱ्याच्या जवळच्या कापडावर होती, म्हणजे ज्याला ठाऊक आहे त्यालाच दिसणारी.

"सासरे यायचेत ना तुमचे," फ्राऊ क्लेफिश म्हणाल्या. "त्यांना असं घाणेरडं दाखवणार होतात? आता वाळला की इस्त्री करून देते."

चिझुरू पुढे झाली, दोन्ही हातांनी टोपली घेतली, रीतसर वाकून आभार मानले, तुम्ही आमच्यासाठी किती कष्ट घेतलेत म्हणाली. मग ती भटारखान्यात गेली, मोठ्या फ्रीजचं दार उघडलं आणि आत डोकं घालून रडली. तिला बाहेर काढायला मी गेलो, आणि थोडा वेळ मीही आतच थांबलो.

गुरुवारी तपासनीस आला. त्याने पडदा पाहिला, "याला म्हणतात सहकार्य" असं म्हणाला आणि परवान्यावर शिक्का मारला. एकोणीस वर्षांत या शहराने मला इतक्या लवकर काही दिलं नव्हतं. माझ्याकडे आता पडदा लावण्याचा संपूर्ण कायदेशीर परवाना होता आणि लावावा असा पडदा नव्हता. सासऱ्यांच्या भाषेत आमच्या दारावर 'इथे सेहेचाळीस वर्षांत कोणीही जेवलेलं नाही' असं लिहिलेलं होतं.

"बाबांना खरं सांगू या," चिझुरू म्हणाली.

"सांगू. आणि ते पडदा घडी करून घेऊन जातील."

"जाऊ देत."

"तुला जाऊ देत म्हणता येतं. तू त्यांची मुलगी आहेस, तुला कुठे परीक्षा द्यावी लागली? अठ्ठावन्न वर्षांचा झालोय मी. केस गेले. अजून त्या माणसाने एकदा बरं म्हणावं म्हणून जीव टांगलाय माझा. लाज वाटते मला सांगायला, पण टांगलाय."

चिझुरूने सोया सॉसची बाटली ओट्यावर ठेवली.

त्यानंतर दोन दिवस आम्ही जे केलं त्याला बनावट म्हणतात हे मला माहीत आहे. आम्ही पडदा शेगडीच्या धुरावर धरला. बोटं सॉसमध्ये बुडवून कडांना पुसली. सेहेचाळीस वर्षांचा मळ दोन दिवसांत आणायचा तर घाई होते, आणि घाईत केलेला मळ लगेच ओळखू येतो. तो मळ दिसत नव्हता, अपघात दिसत होता. चिझुरूने पुन्हा धुतला, पुन्हा लावला. शेवटी मी गिऱ्हाइकांना हात जोडले. मंगळवारच्या शिक्षिका शुक्रवारी आल्या होत्या, कोणी मेलं नाही हे त्यांना आता कळलं होतं.

"जाताना हात पडद्याला पुसा," मी म्हणालो. "मनसोक्त."

"पण इथे कागदी रुमाल आहेत की," एक म्हणाली.

"ते नकोत."

"संपलेत का?" असं म्हणून दुसरीने आपल्या पर्समधले चार काढून माझ्या हातावर ठेवले.

ओव्हरराथांनी संपूर्ण परवाना वाचून काढला, त्यात हात पुसण्याचा कुठेही उल्लेख नाही असं दाखवून दिलं, आणि मग केवळ शेजारी म्हणून, इकडेतिकडे बघून, करंगळी पुसली. ती स्वच्छ होती.

शनिवारी दुपारी सासरे आले. त्यांना आणायला जायचं ठरलं होतं, पण ते आधीची गाडी पकडून, कागदावर लिहिलेला पत्ता लोकांना दाखवत एकटेच चालत आले. मी काच पुसत होतो. समोरच्या फुटपाथवर एक बुटका, ताठ माणूस हातात पिशवी धरून दाराकडे बघत उभा होता. ती पिशवी रिकामी होती, हे मला एवढ्या लांबूनही दिसलं. मी फडकं टाकून चिझुरूला हाक मारली.

ते रस्ता ओलांडून आले. मला नमस्कार नाही, चिझुरूला नाही. त्यांनी पडद्याची कड दोन बोटांत धरली, चुरगाळली, सोडली. अक्षरं शोधली. मग नाकाला लावून वास घेतला आणि तसेच थांबले.

नेमक्या तेवढ्यात फ्राऊ क्लेफिश खाली आल्या. पडद्याकडे बोट, मग स्वतःच्या छातीकडे बोट, आणि मोठ्याने, म्हणजे परक्या माणसाला जर्मन कळावं एवढ्या मोठ्याने: "मी! मी धुतला! पंचाण्णव अंश!"

"काय म्हणतायत या बाई?" सासऱ्यांनी विचारलं.

माझ्या मनात एका क्षणात निदान पाच उत्तरं येऊन गेली. एकाहून एक चांगली होती. पण चिझुरूने सरळ सगळं सांगितलं, सुपापासून शिक्क्यापर्यंत. सासरे ऐकत होते. मग ते फ्राऊ क्लेफिशांकडे वळले आणि कमरेत इतके खाली वाकले, की त्यांच्या वयाकडे बघून मला भीती वाटली. फ्राऊ क्लेफिश लाजल्या, आणि आनंदाने वर गेल्या.

"तोकुनागा," सासरे म्हणाले. बारा वर्षं हाताखाली आणि अठ्ठावीस वर्षं जावई, पण मला नावाने हाक मारण्याइतकी ओळख अजून झालेली नाही. "याला सोया सॉस लावलास?"

"हो, बाबा."

"मूर्ख आहेस."

"हो, बाबा."

"सॉस पाण्यात विरघळतो. वरून लागतो, धाग्यात जात नाही. शिवाय वास येतो." ते दारातल्या स्टुलावर बसले, बांबू ओढून पडदा मांडीवर घेतला आणि बाह्या सारल्या. "डुकराची चरबी आहे ना घरात? ती आण. आणि काळा चहा, काढा होईपर्यंत उकळून. कढईच्या बुडाची काजळी असली तर चिमूटभर."

मी आणि चिझुरू एकमेकांकडे बघत उभे राहिलो.

"उभे काय राहिलात? आधी चहा, मग चरबी. उलटं केलं तर रंग धरत नाही."

"बाबा," चिझुरू हळूच म्हणाली, "तुम्हाला हे कसं ठाऊक?"

सासरे पडद्याकडेच बघत होते. "पहिली तीन वर्षं कोणी येत नव्हतं," ते म्हणाले. "समोर एक दुकान होतं, त्याचा पडदा असा काळाकुट्ट. आमचा कोरा. लोक कोरा पडदा बघायचे आणि समोर जायचे. तुझ्या आईने शोधून काढली ही कृती. दर सोमवारी दुकान बंद असायचं, तेव्हा मागे बसून करायची."

"आई सोमवारी पडद्याला टाके घालते, असं सांगायचात तुम्ही आम्हाला!"

"मग काय सांगणार होतो?"

"आणि पुढे? गिऱ्हाईक यायला लागल्यावर?"

"पुढे बंद केलं," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "म्हणजे, कमी केलं."

म्हणजे बारा वर्षं, रोज सकाळी, मी माझ्या सासूबाईंच्या हातच्या चरबीपुढे मान झुकवत होतो. मला खरं तर राग यायला हवा होता, तेवढा हक्क मी कमावला होता. पण त्या स्टुलावर बसलेल्या माणसाकडे बघताना मला तो तरुण दिसत होता, रिकाम्या खुर्च्यांपुढे शेगडी पेटवून दाराकडे डोळे लावून उभा. असा मी गेली एकोणीस वर्षं कितीतरी संध्याकाळी उभा राहिलो आहे, आणि दर वेळी वाटायचं, त्यांना हे कधी कळणार नाही. मी आत जाऊन चहा उकळायला ठेवला. मला आत जरा वेळच लागला.

चहा झाला, चरबी पातळ झाली. सासऱ्यांनी पडदा गुडघ्यांवर ताणून धरला आणि माझा हात धरून पहिली बोटं लावून दाखवली. मासे भाजायला शिकवलं तेव्हा त्यांनी हाताला चापट्या मारल्या होत्या, हात कधी धरला नव्हता. "उजवी कड जास्त. माणसं उजव्या हाताने सारतात. चिरेच्या बाजूला दाट, वर जाशील तसं विरळ. एक डाग इथे, वर, उंच गिऱ्हाइकाचा. इथली माणसं उंच असतात का?"

"बरीच."

"मग दोन लाव."

मी दोन लावले. ते डोळे बारीक करून बघत होते. गल्लीतून हेर ओव्हरराथ चालले होते, ते थबकले, तीन म्हाताऱ्या माणसांना दारात बसून परवानाप्राप्त पडद्याला चरबी चोळताना त्यांनी पाहिलं आणि खिशातली वही काढली. मग काय वाटलं कोणास ठाऊक, ती परत ठेवून ते पुढे गेले.

"हे बाहेर कुठे बोलायचं नाही," सासरे म्हणाले. "अब्रूचा प्रश्न आहे."

"नाही बोलणार, बाबा. तुमच्या अब्रूला मी कधी धक्का..."

"माझं दुकान बंद झालं. माझ्या कुठल्या?" त्यांनी चरबीचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "तुझ्या."